डोंगरगावातले नऊ दिवस आणि ४० लिटरची सॅक

शेवटची बस मला गावाच्या पायथ्याच्या थांब्यावर सोडून निघून गेली, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजत आले होते. माझा मुक्काम तिथून अडीच किलोमीटर दूर आणि सुमारे ३०० मीटर उंचावर होता. वर जाण्यासाठी वाहन मिळू शकले असते, पण नऊ दिवस कमीत कमी खर्चात राहायचे ठरवलेले असल्यामुळे हे अंतर पायी जायचे मी निघण्यापूर्वीच योजले होते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक ठोकताळा डोंगरात फिरणारी माणसे आजही वापरतात. दर पाच किलोमीटर अंतराला एक तास धरायचा आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास मिळवायचा, असा तो ठोकताळा आहे. त्या हिशेबाने मला बरोबर एक तास लागायला हवा होता. पाठीवर साडेसात किलोंहून थोडे अधिक ओझे घेऊन मी एक तास दहा मिनिटांत पोचले, आणि दारात सॅक खाली ठेवताना माझे खांदे दुखत नव्हते. ज्या सॅकविषयी मी हे परीक्षण लिहीत आहे, तिच्याबद्दल मला सर्वांत आधी सांगावीशी वाटणारी गोष्ट हीच आहे.

ही सॅक ४० लिटरची असून तिचा सांगाडा आतल्या बाजूला आहे. ती वरून उघडते, शिवाय समोरच्या बाजूला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची चेन आहे, तिथूनही उघडते. या मापाच्या आणि बांधणीच्या सॅका अनेक उत्पादक बनवतात. त्यामुळे मी कंपनीचे नाव न घेता बांधणीविषयीच लिहिते आहे, म्हणजे कोणत्याही कंपनीची सॅक हातात घेऊन वाचकाला हे मुद्दे तपासून पाहता येतील. माझ्याकडे ती चौदा महिन्यांपासून आहे आणि या काळात तिने माझ्याबरोबर पाच प्रवास केले आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठा प्रवास म्हणजे सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या एका शांत गावातले हे नऊ दिवस. रोज चालायचे, बहुतेक वेळा पावसात किंवा धुक्यात चालायचे आणि रात्री सहा खाटांच्या खोलीत झोपायचे, असा तो क्रम होता.

यापूर्वी माझ्याकडे ६५ लिटरची सॅक होती. मोठ्या सॅकमध्ये जागा आहे म्हणून माणूस ती भरतो, आणि भरल्यावर ती उचलून चालणे जड जाते, म्हणून थोड्या अंतरासाठीही वाहन करतो. बसमध्ये ती मांडीवर मावत नाही, म्हणून टपावर किंवा मागच्या डिकीत टाकावी लागते आणि प्रत्येक थांब्यावर नजर तिच्यावरच राहते. खोली सोडल्यानंतर दुपारभर गावात फिरायचे असेल, तर सामान कुठेतरी पैसे देऊन ठेवावे लागते. हे सगळे खर्च सहलीच्या हिशेबात सॅकच्या नावावर मांडले जात नाहीत, पण त्यांचे कारण सॅकच असते. कमी खर्चाच्या सहलीसाठी सॅक घेताना तिच्या किमतीकडे फार बारकाईने पाहिले जाते आणि तिच्या आकाराकडे मात्र पुरेसे पाहिले जात नाही, असे मला मनापासून वाटते. माझ्या नव्या सॅकची किंमत साधारणपणे त्या गावातल्या सहा रात्रींच्या भाड्याइतकी होती. ती मला आधी जास्त वाटली होती. आता वाटत नाही.

लिटरचा आकडा वाचताना थोडी सावधगिरी बाळगावी लागते. ४० लिटर म्हणजे ४०,००० घन सेंटिमीटर, हे खरे. परंतु या आकड्यात कोणकोणते खिसे धरले आहेत, हे प्रत्येक ठिकाणी सारखे नसते. माझ्या सॅकमध्ये वरच्या झाकणाचा कप्पा आणि समोरचा खिसाही त्यात मोजलेला आहे, त्यामुळे मुख्य कप्प्यात प्रत्यक्षात ३३ ते ३४ लिटरच सामान बसते. हे समजल्यावर मी क्षणभर निराश झाले होते. नऊ दिवस राहून आल्यावर मात्र सांगते, की तेवढी जागा पुरते, अट एवढीच की अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी मुक्कामाच्या ठिकाणी मिळणार असली पाहिजेत. तंबू, झोपण्याची पिशवी आणि चूल घेऊन उघड्यावर राहणाऱ्यांनी हे माप घेऊ नये. त्यांना बाहेरून सामान बांधावे लागेल आणि बाहेर लोंबणारे सामान चालताना तोल बिघडवते.

आता पाठीच्या मापाविषयी. या मुद्द्यावर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या ओळखीच्या ज्या ज्या व्यक्तीने सॅक टाकून दिली, तिची चूक बहुतेक वेळा इथेच झालेली होती. सॅक निवडताना आपली एकूण उंची सांगितली जाते, पण सॅकचा संबंध उंचीशी नसून धडाच्या लांबीशी असतो. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका ठळकपणे बोटांना लागतो, तो मानेचा सातवा मणका. तिथून मोजायला सुरुवात करायची. दोन्ही हात कमरेवर असे ठेवायचे, की अंगठे मागच्या बाजूला येतील आणि हाताची कड ओटीपोटाच्या दोन्ही बाजूंच्या हाडाच्या वरच्या काठावर टेकेल. दोन अंगठ्यांना जोडणारी जी काल्पनिक रेषा पाठीवर येते, तिथपर्यंतचे अंतर म्हणजे आपले माप. हे स्वतःचे स्वतःला घेता येत नाही, दुसऱ्या कुणाकडून मोजपट्टीने घ्यावे लागते. माझे माप ४३ सेंटिमीटर आले. माझ्याहून चार बोटे ठेंगण्या असलेल्या मैत्रिणीचे ४६ आले, कारण माझे पाय लांब आहेत आणि तिची पाठ.

ही सॅक दोन मापांत मिळते. उंचीकडे पाहून मी आधी मोठे माप घेतले, घरी आठ किलो वजन भरून वीस मिनिटे जिना चढले-उतरले, तेव्हा कंबरपट्टा हाडावरून खाली सरकत गेला आणि सगळा भार पुन्हा खांद्यांवर आला. दुसऱ्याच दिवशी मी लहान माप बदलून आणले. सॅक रिकामी असताना पाठीवर टाकून आरशात पाहणे म्हणजे तपासणी नव्हे. तिच्यात वजन घालून किमान पंधरा-वीस मिनिटे चालल्याशिवाय तिचा दोष कळत नाही, आणि वजन भरून चालू देत नसतील तर खरेदी दुसरीकडे करावी, असे मी आग्रहाने सांगेन. स्त्रियांसाठी वेगळी बांधणी म्हणून जे विकले जाते, त्यात खांद्यांचे पट्टे एकमेकांच्या जवळ आणि अधिक वळणदार असतात व कंबरपट्टा वर अरुंद, खाली रुंद अशा उताराचा असतो. मी दोन्ही प्रकार भरून पाहिले. मला सर्वसाधारण बांधणीचा कंबरपट्टा अधिक चांगला बसला, पण खांद्यांचे पट्टे काखेत थोडे घासतात, हे मान्य केले पाहिजे.

कंबरपट्टा हे नाव तसे फसवे आहे, कारण तो कंबरेवर बसवायचा नसतो. त्याची जागा कंबरेच्या खाली, दोन्ही बाजूंना हाताला लागणाऱ्या हाडाच्या काठावर आहे, आणि पट्ट्याच्या रुंदीचा मध्य त्या काठावर आला पाहिजे. तसे झाले की ओझ्याचा मोठा भाग हाडांवाटे थेट पायांवर उतरतो आणि खांद्यांना केवळ सॅक पाठीशी धरून ठेवण्याचे काम उरते. या सॅकचा कंबरपट्टा हा तिचा सर्वांत उत्तम भाग आहे. त्यातला फोम घट्ट आहे, बोटाने दाबला तर सहज खचत नाही, आणि पट्ट्याची टोके सांगाड्याला शिवलेली असल्यामुळे ओझे खरोखर त्याच्याकडे पोचते. स्वस्त सॅकांमध्ये बहुधा नुसता पातळ पट्टा आणि बकल असते. ते सॅक हलू देत नाही, पण भार उचलत नाही. दोहोंतला फरक पहिल्या अर्ध्या तासात जाणवत नाही. तो चढावर, तासाभराने जाणवतो.

पट्टे आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. सगळे पट्टे सैल करून सॅक पाठीवर घ्यावी, सर्वांत आधी कंबरपट्टा जागेवर बसवून आवळावा, मग खांद्यांचे पट्टे अंगाला टेकतील इतकेच ओढावेत, त्यानंतर खांद्यांवरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे ओढावेत आणि छातीवरचा पट्टा शेवटी लावावा. माथ्याकडचे हे छोटे पट्टे खांद्यापासून साधारण ४५ अंशांच्या कोनात वर गेले, तर सॅकचे माप बरोबर आहे असे समजावे. ते आडवे राहत असतील, तर सॅक पाठीला लहान पडते आहे.

सांगाडा म्हणून आत प्लास्टिकचा एक पातळ पत्रा आणि मधोमध ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे. ही पट्टी बाहेर काढता येते आणि गुडघ्यावर हळूहळू वाकवून आपल्या पाठीच्या वळणाला जुळवता येते. माहितीपुस्तिकेत याचा उल्लेखही नाही, ही मोठी उणीव आहे. पट्टी वाकवण्याआधी सॅकचा मधला भाग माझ्या कंबरेच्या खोलगटीपासून सुटलेला राहत असे. नंतर तो टेकू लागला. पाठीवरचे ओझे सांगाड्याला बांधण्याची युक्ती फार जुनी आहे. १९९१ साली आल्प्समधल्या हिमनदीत जो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला आणि ज्याला ओट्झी म्हणून ओळखले जाते, त्याच्या सामानात हेझलची वाकवलेली काठी आणि लार्च लाकडाच्या फळ्या मिळाल्या, आणि तो पाठीवरच्या ओझ्याचा सांगाडा असावा असे मानले जाते. डिक केल्टी यांनी १९५२ साली कॅलिफोर्नियात ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा बाहेरचा सांगाडा असलेल्या सॅका विकायला सुरुवात केली, आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात ग्रेग लो यांनी सांगाडा सॅकच्या आत घेतला. आज माझ्या पाठीवरची वाकवता येणारी पट्टी त्याच वाटेने आलेली आहे. बाहेरचा सांगाडा ओझे चांगले उचलतो, पण बसच्या दोन आसनांमधल्या अरुंद वाटेत आणि पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्यांत तो अडकतो. गावात फिरणाऱ्याला आतलाच सांगाडा सोयीचा आहे.

पाठीला टेकणाऱ्या भागात दोन प्रकार मिळतात. एका प्रकारात ताणलेली जाळी असते आणि तिच्या मागे हवा खेळते. दुसऱ्यात फोमच्या गाद्या थेट पाठीला टेकतात. माझी सॅक दुसऱ्या प्रकारची आहे, त्यामुळे पाठ घामाने भिजते, आणि डोंगरावरच्या थंड वाऱ्यात थांबल्यावर ती भिजलेली पाठ चटकन गार पडते. हा त्रास मला रोज झाला. तरीही मी पुन्हा हाच प्रकार घेईन, कारण जाळीमुळे ओझे पाठीपासून काही सेंटिमीटर मागे जाते आणि उंच-सखल पायऱ्यांवर ते मागे खेचत राहते. थांबल्याबरोबर अंगावर एक जाडसर कपडा चढवणे हा त्यावरचा उपाय आहे, आणि तो कपडा झाकणाच्या कप्प्यात हाताशी ठेवावा लागतो.

कापडाच्या पट्टीवर २१० डेनिअर असे लिहिलेले आहे. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममध्ये जितके वजन भरेल, तितका त्याचा डेनिअर. म्हणजे आकडा जितका मोठा तितका धागा जाड. तळाला याच्या दुप्पट, ४२० डेनिअरचे कापड आहे, आणि दगडी कठड्यांवर व ओल्या पायऱ्यांवर चौदा महिने टेकवूनही त्याला भोक पडलेले नाही. अंगाच्या कापडात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणलेली असल्यामुळे एका झुडपाच्या काट्याने पडलेला छोटा चिरा पुढे वाढला नाही. बाजूच्या खिशांची जाळी मात्र दोन ठिकाणी उसवली आहे. त्या खिशांविषयी माझे मत एकंदरीत प्रतिकूलच आहे: सॅक पूर्ण भरली की ते इतके घट्ट होतात, की बाटली आत जात नाही, आणि सॅक अर्धी रिकामी असली की खाली वाकताच बाटली घरंगळते. पाठीवर सॅक असताना बाटली काढून परत ठेवणे मला एकदाही जमले नाही. पाणी पिण्यासाठी दर वेळी सॅक उतरवावी लागत असेल, तर माणूस पाणी कमी पितो, आणि चढावर ते बरे नव्हे.

पावसाची गोष्ट यापेक्षा गंभीर आहे. दमट हवा डोंगराला अडून वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन पडते. म्हणून डोंगरगावात सपाटीपेक्षा पाऊस अधिक असतो आणि पाऊस नसतो तेव्हाही ढगच गावातून फिरत असतो. अशा ठिकाणी सॅकच्या पाणीरोधकतेला खरी किंमत आहे. माझ्या सॅकच्या कापडावर १,५०० मिलिमीटर असा आकडा छापलेला आहे. त्याचा अर्थ असा, की कापडावर दीड मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी त्या उंचीपर्यंत पाणी पलीकडे झिरपत नाही. हा आकडा कापडाचा आहे, सॅकचा नाही. सॅक शिवताना सुईने शेकडो भोके पडतात, चेनच्या दातांमधून पाणी शिरते, आणि या सॅकच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली नाही. विक्रीच्या मजकुरात नुसता आकडा ठळक छापून ही गोष्ट सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते, कारण तेवढ्या आकड्यावर विश्वास ठेवून माणूस सुके कपडे आत तसेच ठेवतो.

चौथ्या दिवशी मुक्काम बदलताना दोन तास सलग पाऊस लागला. सॅकबरोबर मिळालेले रेनकव्हर मी पहिल्या थेंबाबरोबर चढवले होते. कव्हर तीन बाजू झाकते; पाठीकडची बाजू मोकळीच असते, आणि मानेवरून ओघळणारे पाणी पाठ व सॅक यांच्यामधून खाली उतरते. ते कव्हरच्या तळाशी साचते, कारण तळाला पाणी जायला भोक ठेवलेले नाही. मुक्कामी पोचल्यावर कव्हर काढले, तेव्हा त्यात जवळजवळ पेलाभर पाणी होते आणि सॅकचा तळ त्यात बुडालेला होता. माझे कपडे कोरडे राहिले ते कव्हरमुळे नव्हे, तर मुख्य कप्प्यात घातलेल्या जाड प्लास्टिकच्या साध्या पिशवीमुळे. ती पिशवी सॅकहून मोठी घ्यावी, आधी ती कप्प्यात उभी करावी, मग सगळे सामान तिच्यात भरावे आणि तोंड पिळून खाली दुमडावे. कव्हरच्या तळाला मी नंतर तापवलेल्या सुईने दोन छोटी भोके पाडली आणि काम झाले.

घरी परतल्यावर मी सॅक रिकामी करून, कव्हर न लावता, वीस मिनिटे शॉवरखाली टांगली आणि आधी व नंतर वजन केले. कोरडी सॅक १.३८ किलोची होती, भिजलेली १.७१ किलोची झाली. म्हणजे फोम, जाळी आणि पट्टे मिळून ३३० ग्रॅम पाणी धरून बसले. गावातल्या धुकट हवेत हे पाणी दोन दिवस सुकले नव्हते, आणि दर सकाळी ओले पट्टे खांद्यांवर घ्यावे लागले होते. पट्टे कोरड्या कपड्याने पिळून घेतले की सुकण्याचा वेळ बराच कमी होतो, हे मला पाचव्या दिवशी सुचले.

सामानाचे सांगायचे तर पाण्याच्या एका लिटरसह सगळे मिळून ७.६ किलो भरले. लांब चालीसाठी पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक नसावे, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. माझे त्यापेक्षा बरेच कमी होते आणि तो फरक चढावर सुखाचा ठरला. उंचीबरोबर हवा दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सियसने थंड होत जाते, म्हणजे २,००० मीटरवर समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे १३ अंशांचा फरक. तरीही एक जाड कोट घेण्याऐवजी एकावर एक घालता येतील असे तीन पातळ थर मी घेतले, कारण ते सॅकच्या कोपऱ्यांत दाबून बसवता येतात. सुती कपडा मी एकच नेला होता आणि तोही धुतल्यावर तिसऱ्या दिवशी सुकला. पॉलिस्टरचे कपडे त्याच दोरीवर एका रात्रीत सुकत होते. मोज्यांचे दोन जोड पुरतील हा माझा अंदाज साफ चुकला. ढगात राहणाऱ्या गावात तीन हवेत.

वरच्या झाकणाच्या कप्प्याबद्दल एक लहानसा अनुभव सांगण्याजोगा आहे. २,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्केच राहतो, त्यामुळे अर्धवट भरलेल्या बाटलीत अडकलेली हवा फुगते आणि बाटलीतले द्रव झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. माझी शाम्पूची बाटली आडवी होती, आणि बस वर पोचेपर्यंत कप्प्याचे अस्तर चिकट झाले. कप्प्याला आतून गुळगुळीत लेप असल्यामुळे शाम्पू मुख्य कप्प्यात उतरला नाही, याचे श्रेय सॅकला दिले पाहिजे. निघण्यापूर्वी बाटली दाबून हवा काढून टाकावी आणि ती उभी ठेवावी.

समोरून उघडणारी चेन घेताना मला अनावश्यक वाटली होती, आणि तीच मला सर्वांत अधिक उपयोगी पडली. अशा गावात रात्री नऊनंतर रस्त्यावर पावलांचासुद्धा आवाज येतो, आणि सहा जणांच्या खोलीत कुणी अंधारात सॅक उपसू लागले, की बकलांचा खट्‌-खट्‌ आवाज आणि प्लास्टिकची सळसळ सगळ्यांना जागे करते. समोरची चेन हळू ओढली की सॅक पेटीसारखी उघडते आणि तळाचा कपडा वरचे काहीही न हलवता काढता येतो. ज्या वस्तू रात्री लागणार, त्या मी चेनजवळ आणि प्लास्टिकच्या पिशवीबाहेर कापडी पिशवीत ठेवू लागले. या चेनचा एक दोषही आहे: सॅक ठासून भरली की वळणाच्या दोन कोपऱ्यांवर ताण येतो, आणि पाचव्या महिन्यात डाव्या कोपऱ्यावरची शिवण सैल झाली. मी जाड नायलॉनच्या धाग्याने तिथे पुन्हा टाके घातले. ते अजून टिकून आहेत. बाजूचे आवळण्याचे पट्टे आधी ओढून मग चेन लावली, तर हा ताण येत नाही.

हेच बाजूचे पट्टे आणखी एका कारणाने मोलाचे ठरले. शांत गावात माणूस एकाच ठिकाणी काही दिवस राहतो आणि रोज सकाळी थोडक्या सामानासह फिरायला बाहेर पडतो. त्यासाठी वेगळी छोटी पिशवी नेण्याऐवजी मी हीच सॅक रिकामी करून पट्टे पूर्ण ओढले, की ती निम्मी होत असे आणि कंबरपट्टाही सोबत राहत असे. झाकण सुटे काढून त्याची छोटी पिशवी करता येते, असे उत्पादक सांगतात. मी ते एकदा केले आणि पुन्हा केले नाही, कारण तिचा बारीक पट्टा खांद्यात रुततो. तळाला बुटांसाठी वेगळा कप्पा आहे. तो मुख्य कप्प्याचीच जागा खातो आणि त्याचा मला काहीही उपयोग झाला नाही.

खाटेखालच्या लॉकरमध्ये ही सॅक आडवी मावते, ६५ लिटरची कधीच मावली नव्हती. तेवढ्यानेही दिवसा निश्चिंत फिरता येते.

ज्यांना नवी सॅक परवडत नाही, त्यांनी वापरलेली घ्यायला हरकत नाही, मात्र ती आतून पाहावी. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप दमट जागी ठेवलेल्या सॅकमध्ये काही वर्षांनी पाण्याच्या वाफेशी रासायनिक क्रिया होऊन विरघळू लागतो. तो बोटाला चिकटतो, त्याची सालपटे निघतात आणि त्याला आंबूस वास येतो. माझी ६५ लिटरची सॅक अशीच माळ्यावर ओली राहून वाया गेली, आणि तो दोष सर्वस्वी माझा होता. लेप खराब झालेली सॅक कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्याउलट तुटलेले बकल किंवा चेनचा सैल झालेला सरकता भाग थोडक्या खर्चात बदलता येतो, तेवढ्यासाठी चांगली सॅक नाकारू नये. कंबरपट्ट्याचा फोम मात्र दाबून पाहावा. तो एकदा बसला, की पुन्हा उभा राहत नाही. दहा-अकरा किलोंच्या वर नेहमी ओझे नेणाऱ्यांना माझ्या सॅकचाही फोम अपुरा पडेल, असे वाटते. एकदा मी मैत्रिणीचे सामान मिळून बारा किलो भरले होते, तेव्हा पट्टा मध्ये वाकला आणि भार खांद्यांवर आला.

नवव्या दिवशी मला पहाटेची पहिली बस गाठायची होती. समोरची चेन आदल्या रात्रीच लावून ठेवली होती, त्यामुळे खोलीतले कुणी जागे न होता मी बाहेर पडले. उतारावर माथ्याकडचे छोटे पट्टे थोडे सैल सोडले की ओझे पुढे ढकलत नाही आणि पाऊल जपून टाकता येते. खांद्यांचे पट्टे अजून किंचित दमट होते. आलेल्याच वाटेने ३०० मीटर उतरून थांब्यावर पोचले, तेव्हा बस सुटायला दहा मिनिटे होती. वाहक मागच्या डिकीचे दार उघडू लागला, तेव्हा मी त्याला नको म्हणाले आणि सॅक मांडीवर घेऊन खिडकीजवळ बसले.